मिसेस लेम्युएल हॅस्केट यांची हजेरी

वॉलनट फोर्डमध्ये माणूस मेलं की नाही हे तिघं ठरवत: डॉक्टर, पाद्री आणि गुरुवार मंडळाची सेक्रेटरी मिस यूडोरा विंच. पहिल्या दोघांचं एकमत झालं म्हणून मिस विंचचं होईलच असं नव्हतं. मंडळाच्या घटनेतलं नववं कलम सांगत होतं की सभासदाचं नाव हजेरीपुस्तकातून काढायचं असेल तर तिने स्वतःच्या हाताने राजीनामा लिहून द्यायला हवा. मरणाबद्दल कलमात अवाक्षर नव्हतं. घटना लिहिली तेव्हा सगळ्या बायका तिशीतल्या. कुणाला सुचलंच नाही.

त्यामुळे ब्याण्णवच्या ऑगस्टमध्ये, मळणी ऐन भरात असताना, मिसेस लेम्युएल हॅस्केट विषमज्वराने गेल्या, तेव्हा मिस विंचने त्यांच्या नावापुढे दर गुरुवारी 'गैरहजर' अशी खूण करायला सुरुवात केली. नऊ महिन्यांनी लेम्युएलने दुसरं लग्न केलं, तेव्हा तर तिने पुस्तकाला हातही लावला नाही. नाव होतंच की. मिसेस लेम्युएल हॅस्केट. शाईसुद्धा अजून फिकी झाली नव्हती.

लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या अख्ख्या नावाने ओळखायची रीत सगळ्या कॅन्ससभर होती. तिचं स्वतःचं नाव आईला आणि देवाला ठाऊक असलं म्हणजे झालं. बायकांना मत मिळावं म्हणून उन्हातान्हात दारोदार फिरलेल्या बायकासुद्धा घरी परतून मिसेस अमुक तमुक अशाच सह्या करत, आणि त्यात काही वावगं आहे असं त्यांना वाटत नसे.

दुसरी मिसेस लेम्युएल सत्तावीस वर्षांची होती. शेजारच्या काउंटीत थोरल्या बहिणीच्या घरी शिवणकाम करून राहायची. बहिणीला पाचवं मूल झालं आणि हिची खाट ठेवायला जागा उरली नाही, तेवढ्यात लेम्युएलचं स्थळ आलं. लेम्युएल खुर्च्या, कपाटं आणि शवपेट्या बनवायचा. थडग्यांचे दगडही तोच कोरायचा. दारू नाही, शिव्या नाहीत, दाढी आठवड्यातून दोनदा. पोरगी बोलायची मात्र तोंडातल्या तोंडात, जसं काही शब्द बाहेर पडला तर कुणाच्या तरी पायाला लागेल.

ऑक्टोबरमध्ये मंडळाचं नवं वर्ष सुरू झालं आणि ती पहिल्यांदा सभेला गेली. सभा मिसेस जज ट्विचेल यांच्या दिवाणखान्यात, दुपारी दोन वाजता. मिसेस ट्विचेल म्हणजे अध्यक्षीणबाई. नवरा न्यायाधीश, त्यामुळे त्यांना नवऱ्याचं नाव नव्हे, थेट हुद्दाच मिळाला होता. हजेरीला नुसतं 'हजर' म्हणणं अडाणीपणाचं समजत. प्रत्येक गुरुवारचा विषय ठरलेला असे आणि नाव पुकारलं की त्या विषयावर एक वाक्य सांगायचं. त्या दिवशीचा विषय होता नद्या. ही बिचारी आठवडाभर भांडी घासताना नाईल नदीवरचं एक वाक्य पाठ करत होती.

"मिसेस लेम्युएल हॅस्केट," मिस विंचने पुकारलं.

हिने तोंड उघडलं. आणि स्टोव्हजवळच्या वेताच्या झुलत्या खुर्चीतून कोरडा, ठाम आवाज आला: "नदी काठाची परवानगी मागत बसली असती, तर डोंगरावरच राहिली असती आणि आपण सगळे खाली तहानेने मेलो असतो."

मिस विंचने खूण केली. हजर.

"वा!" मिसेस ट्विचेल म्हणाल्या. "आम्हाला वाटलं होतं, नव्या मिसेस हॅस्केट लाजऱ्या आहेत. आवाज जरा बसलाय वाटतं? घरी जाऊन घशाला फ्लॅनेल बांधा हो."

सगळ्या हिच्याकडेच बघत होत्या. झुलत्या खुर्चीकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. ती रिकामी होती, पण तिचा वेत मधोमध खाली दबलेला होता, आणि कापूर आणि पेपरमिंटच्या गोळ्या यांचा मिसळलेला वास तिकडून येत होता. हिने तोंड मिटलं. नाईल नदी घशातच राहिली.

पुढच्या गुरुवारी विषय होता पाव. आवाज म्हणाला, "पीठ चौदा जणी मळतात आणि पाव कसा कापायचा ते एकटा पुरुष ठरवतो. याला आमच्या घरी जेवण म्हणतात." बायका हसून हसून लाल झाल्या. मिसेस ट्विचेल यांनी हिच्या गालावर बोटाने टिचकी मारली. "किती गं चावट!" हिला हसू आलं नाही. तिच्या ओठांना तर हलायलाही वेळ मिळाला नव्हता.

मग ते घरी सुरू झालं.

लेम्युएल बायकोला घरातही मिसेस हॅस्केट म्हणायचा आणि अहो-जाहो करायचा. त्याच्या बापाने त्याच्या आईला तसंच केलं होतं. सकाळी तो जिन्याच्या पायथ्याशी उभा राहून हाक मारी, "मिसेस हॅस्केट, कॉफी!" एकदा ही वर पलंग आवरत होती, तेव्हा खालच्या कोठारातून उत्तर गेलं, "आणते." ती धावत खाली आली तर टेबलावर कॉफी वाफाळत होती, आणि लेम्युएल मान खाली घालून पीत होता.

"ही कुणी केली?" तिने विचारलं.

"काय?" लेम्युएल म्हणाला. "काही बोललात का?"

घरात लेम्युएलची केझाया आत्या होती, ऐंशीच्या घरातली. दोन्ही कानांनी ठार बहिरी, आणि बहिरेपणाचा फायदा घेऊन दुसऱ्याचं एक ऐकत नसे. तिने मात्र खुर्चीतूनच मान डोलावली. "कॉफी तिनेच केली. तिला नेहमी जास्त कडक लागायची."

"तुम्हाला ऐकू आलं, आत्या?" हिने ओरडून विचारलं.

"तिचं मला कायम लख्ख ऐकू यायचं. बोलणंच तसं होतं तिचं. तू काय, माशी गुणगुणल्यासारखी बोलतेस. तुझ्या तोंडाकडे बघून मला वाटतं, ही पोरगी चघळतेय काहीतरी."

त्या हिवाळ्यात केझाया आत्याने पहिल्या सुनेची सगळी कहाणी हिला सांगितली. गुरुवार मंडळ तिने काढलं. गावात वाचनालय नव्हतं, तर स्वतःच्या माजघरात बेचाळीस पुस्तकांचं कपाट मांडलं आणि लेम्युएलने त्याला कुलूप लावलं तेव्हा कपाटाचं दारच बिजागरीतून काढून त्याला नेऊन दिलं, म्हणाली, याची शवपेटी करा. बर्फात दोन मैल चालून अर्जावर सह्या गोळा केल्या. आणि सत्त्याऐंशी साली गावच्या निवडणुकीत बायकांना मत द्यायची मुभा मिळाली, तेव्हा एप्रिलच्या त्या मंगळवारी लेम्युएलने तिचे बूट लपवून ठेवले.

"मग?" हिने विचारलं.

"मग काय! त्याचे बूट घातले. हे एवढाले, होडीसारखे. आत वर्तमानपत्रं कोंबली, डोक्यावर चर्चची हॅट, आणि चिखलातून फताक फताक करत गेली. मागे अकरा बायका. मी खिडकीत बसून इतकी हसले की दात पडला. हा बघ, हा." आत्याने ती जागा दाखवली. "लेम्युएल दिवसभर नुसत्या मोज्यांवर घरी बसला होता."

"नाव काय होतं त्यांचं?"

"कुणाचं?"

"पहिल्या बायकोचं!"

आत्याने तोंड उघडलं. ते उघडंच राहिलं. दात पडलेल्या जागेवर तिची जीभ फिरत राहिली. "लेम्युएलची बायको," ती शेवटी म्हणाली आणि शालीत शिरून झोपल्याचं सोंग केलं.

ख्रिसमसनंतरच्या रविवारी लेम्युएल हिला दफनभूमीत घेऊन गेला. दगड त्याने स्वतः कोरला होता, कडेला विलोच्या झाडाची फांदी, वर मिटलेले हात, फार सुबक काम. मध्ये एवढंच होतं: लेम्युएल हॅस्केट यांची पत्नी. खाली बरीच जागा कोरी होती.

"नाव नाही घातलंत?" हिने विचारलं.

"सगळ्यांना माहीतच होतं. दगडाला उगाच टाकीचे घाव कशाला?" तो टोपी काढून उभा राहिला. त्याला खरंच वाईट वाटत होतं. मग तो सरळ मनाने, एखाद्याने जेवणाचं टेबल दाखवावं तसं म्हणाला, "आणि यात एक सोयही झाली बघा. हा दगड तुम्हालाही चालेल."

वारा माळावरून सरळ येत होता. तिने दगडाकडे पाहिलं आणि तिला वाटलं, आपण तिथे आधीच झोपलो आहोत, फक्त अजून कुणी आपल्याला सांगितलेलं नाही.

घरी आल्यावर तिने कुटुंबाचं मोठं बायबल उघडलं. हॅस्केट घराण्याची नोंद पहिल्या पानांवर होती, चार पिढ्यांची. लेम्युएलच्या ओळीत त्याच्या रेखीव अक्षरात लिहिलेलं: 'लेम्युएल हॅस्केट. विवाह, १८७१. पत्नीचा मृत्यू, १८९२. पुन्हा विवाह, १८९३.' बास. दोन बायका एका 'पुन्हा'मध्ये बसवल्या होत्या. मागच्या पिढ्यांच्या बायकाही तशाच, कुणाची तरी पत्नी, कुणाची तरी आई. घोड्यांची नावं मात्र होती. आजोबांच्या 'कॅप्टन' नावाच्या घोड्याची जन्मतारीखसुद्धा.

मार्चच्या मध्यावर ती उशीच्या अभ्र्यांवर आद्याक्षरं भरायला बसली. सुई घेतली, लाल दोरा ओवला, 'डी' भरला. आणि सुई थांबली. पुढचं अक्षर तिला आठवेना.

सुरुवातीला तिला गंमत वाटली. माणूस घाईत असलं की कधीकधी स्वतःचा वाढदिवससुद्धा विसरतं. तिने खिडकीबाहेर पाहिलं, दहापर्यंत मोजलं. डी. पुढे काहीच नाही. एक पांढरी, धुतलेली जागा. तिने पेटारा ओढून काढला. त्यावर रंगवलेलं होतं डी. पी. बहिणीची पत्रं काढली. पाकिटांवर 'मिसेस लेम्युएल हॅस्केट', आत 'माझ्या धाकट्या बाळे'. ती आरशापुढे उभी राहिली आणि त्या चेहऱ्याला तिने हाक मारायचा प्रयत्न केला. चेहऱ्याने ओठ हलवले. मागून, कपाटापाशी, कुणीतरी संथपणे पेपरमिंटची गोळी चोखत होतं.

"काय पाहिजे तुम्हाला?" ती आरशाकडे बघतच म्हणाली. "माझं सगळं तुम्ही घेतलंत. कॉफी घेतली, हजेरी घेतली. आता हेसुद्धा?"

"मी काही घेतलेलं नाही," आवाज म्हणाला. तो रागावलेला नव्हता, नुसता थकलेला होता. "ते नाव पुकारतात, मी उत्तर देते. मला दुसरं नावच कुठे ठेवलंय कुणी? तुझंही आता जाईल. गेलं की मग काही वाटत नाही. माझं तेवढं शोध. माझं सापडलं तर कदाचित तुझंही राहील."

तिने रात्री जेवताना लेम्युएलला विचारलं, सरळ. लेम्युएलने चमचा खाली ठेवला. एकवीस वर्षांचा संसार. त्याने छताकडे पाहिलं, मग हातांकडे, आणि त्याच्या कपाळावर घामाचे थेंब जमले. "ल... ल वरून... नाही, थ..." मग तो अगदी लहान आवाजात म्हणाला, "मी तिला मिसेस हॅस्केटच म्हणायचो हो."

"आणि माझं?" तिने विचारलं.

त्याने तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांत भीती होती. तो उठला आणि शवपेटीला रंधा मारायला दुकानात निघून गेला.

मिस विंच गावातली एकटीच बाई, जिला लग्न न केल्यामुळे स्वतःचं नाव उरलं होतं. ती पोस्टाच्या वरच्या खोलीत एकवीस कुंड्या आणि मंडळाच्या सगळ्या वह्यांसोबत राहायची. हिने तिच्याकडे जाऊन सगळं सांगितलं. मिस विंच ऐकत चष्मा पुसत राहिली.

"मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे," ती म्हणाली.

"मग बोलला का नाहीत?"

"हजेरीपुस्तकात 'कोण बोललं' असा रकाना नाही, बाई. हजर आहे की नाही, एवढाच आहे. आणि ती हजर होती." तिने सगळ्या वह्या काढल्या. सगळीकडे तेच, मिसेस लेम्युएल हॅस्केट यांनी ठराव मांडला, मिसेस लेम्युएल हॅस्केट यांनी लिंबाचं सरबत दिलं. "मी तिच्याबरोबर सह्यांसाठी अख्खा जानेवारी फिरले. अर्ज राजधानीला, टोपेकाला गेला तो गेलाच. तिला सही करताना पाहिलंय मी. जिभेवर आहे माझ्या. थ... छे." मिस विंच पहिल्यांदा घाबरलेली दिसली. मग तिने एकदम वही मिटली. "एक जागा आहे. गावचा क्लार्क क्रंप याच्याकडचं मतदारांचं पुस्तक. तिथे नवऱ्याचं नाव चालत नाही. एकच नाव दोनदा आलं तर नवऱ्याने दोनदा मत टाकलं असं व्हायचं, म्हणून प्रत्येकीला आपलं लिहायला लावतात. पुस्तकाच्या शेवटी बायकांची पानं सत्त्याऐंशीपासून तशीच आहेत. पण क्रंप ती कुणाला उगाच दाखवत नाही. नाव नोंदवायला आलेल्या बाईपुढेच तेवढी उघडतो."

"मग मी नाव नोंदवते."

"एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी मतदान, आणि नोंदणी उद्या पाच वाजता बंद होते," मिस विंच म्हणाली. "आणि तुम्हाला तुमचं नाव आठवायला हवं."

ओबेड क्रंप तंबाखू चघळत कचेरीत बसला होता. हिला बघून त्याने भुवया चढवल्या. "आलात का! मला वाटलं, यंदा बायकांची पानं कोरीच राहणार. पहिलीची हौस फिटली, म्हणून बाकीच्यांचीही फिटली." त्याने जाड पुस्तक ओढलं, उलटं करून शेवटची पानं काढली, टाक बुडवला. "नाव?"

"मिसेस लेम्युएल हॅस्केट."

"ते तुमच्या नवऱ्याचं. तो पुढच्या पानांवर बसलाय मजेत. तुमचं सांगा. आई रागावली की जे घ्यायची ते."

तिने तोंड उघडलं. आत ती पांढरी जागा होती. भिंतीवरचं घड्याळ पावणेपाच दाखवत होतं. क्रंप टाक झटकत होता.

"इतकं अवघड आहे का? घरी विचारून येता?"

ती पुढे वाकली. पुस्तक तिच्या बाजूने उलटं होतं, पण शिवणारणीला उलटं वाचायची सवय असते. बायकांच्या पानावरची पहिलीच ओळ, मोठ्या, उतावळ्या अक्षरात, शाईचे थेंब उडालेले. तिने बोट ठेवलं आणि मोठ्याने वाचलं. इतक्या मोठ्याने ती जन्मात बोलली नव्हती.

"थर्झा गॅनेट हॅस्केट."

मागच्या जमिनीच्या फळ्या करकरल्या. कुणीतरी जड बुटांनी दोन पावलं पुढे आलं. मानेवर थंडगार श्वास, कापूर, पेपरमिंट. आणि तिच्या कानाशी तोच आवाज, पण आता त्यातला कोरडेपणा गेलेला: "डॉर्कस. डॉर्कस पेल. पटकन घे टाक आणि तूच लिही. हा माणूस शुद्धलेखनात कच्चा आहे."

डॉर्कसने क्रंपच्या हातातून टाक जवळजवळ ओढूनच घेतला आणि लिहिलं. डॉर्कस पेल हॅस्केट. रेघ थोडी वाकडी गेली.

क्रंप तंबाखू चघळायचा थांबला होता. तो तिच्या खांद्यावरून मागे बघत होता. "दुसऱ्या बाईंचीही नोंद करायची आहे का?"

"त्यांची आहे," डॉर्कस म्हणाली.

पुढच्या गुरुवारी तिने मंडळात ठराव मांडला. हजेरीपुस्तकात दोन वेगळ्या ओळी असाव्यात आणि प्रत्येकीला तिच्या स्वतःच्या नावाने पुकारावं. ती उभी राहून बोलली, दाराजवळ, झुलत्या खुर्चीपासून लांब.

मिसेस ट्विचेल यांच्या हातातली बशी वाजली. "चारचौघांत बाईला नावाने हाक? मग उद्या आपण परकरावरच चर्चला जाऊ! माझे जज काय म्हणतील?"

"ते कुठे सभासद आहेत?" मिस विंच म्हणाली. "मतं घेते. बाजूने?"

सात आवाज आले. विरोधात सात. मिसेस ट्विचेल समाधानाने शाल सारखी करू लागल्या, बरोबरी झाली म्हणजे ठराव पडला. आणि मग स्टोव्हजवळून स्पष्ट, सगळ्यांना ऐकू जाईल असं कुणीतरी म्हणालं, "बाजूने."

"मिसेस हॅस्केट, तुम्ही दोनदा बोललात," मिसेस ट्विचेल म्हणाल्या.

"मी एकदाच बोलले," डॉर्कस दारातून म्हणाली.

सगळ्यांच्या माना आधी दाराकडे वळल्या, मग स्टोव्हकडे. झुलती खुर्ची हलत होती, पुढे, मागे, पुढे. वेत दबलेला होता. कुणाच्या तरी मांडीवरून केकचा चुरा गालिच्यावर पडला.

"आठ विरुद्ध सात," मिस विंच म्हणाली. तिने आकडे पुस्तकात सरळ अक्षरात मांडले. "ठराव संमत."

"यूडोरा!" मिसेस ट्विचेल कुजबुजल्या. "ती मेली आहे!"

"कलम नऊ. राजीनामा आलेला नाही." तिने नवं पान काढलं आणि तिथल्या तिथे दोन ओळी लिहिल्या. विषय होता पक्षी. "डॉर्कस हॅस्केट."

या वेळी स्टोव्हकडून कुणी मध्ये बोललं नाही. डॉर्कसला आपल्या श्वासाचा आवाज आला, आणि मग आपला आवाज, गंजलेल्या बिजागरीसारखा, पण आपलाच: "माळावरची कोंबडी पहाटे गाते तेव्हा तिचं ऐकायला दोन मैलांवरून इतर कोंबड्या येतात."

"हजर. थर्झा हॅस्केट."

खुर्ची थांबली.

"आज पक्ष्यांबद्दल मला काही सांगायचं नाही," आवाज म्हणाला. "मंगळवारी भेटू."

मिसेस ट्विचेल यांनी त्या दिवसापासून ती खुर्ची कुणालाही बसायला दिली नाही, आणि जाळलीही नाही. जाळायची कुणाची हिंमतच झाली नाही.

मंगळवारी सकाळी पाऊस पडून गेला होता आणि सगळा गाव चिखलाचा झाला होता. डॉर्कस हॅट घालून दारात आली, तेव्हा लेम्युएल मोज्यांवर घरभर फिरत होता. "माझे बूट! रात्री इथेच ठेवले होते, चुलीपाशी!"

"शोध, शोध," केझाया आत्या खिडकीतून खिंकाळली. तिला कसं कोण जाणे, सगळं ऐकू आलं होतं. "तिचे लपवून तूच तिला शिकवलंस, आता शोध."

लेम्युएल थबकला. त्याने डॉर्कसच्या पायांकडे पाहिलं. तिच्या पायात तिचेच बूट होते, बटणं लावलेले. त्याने अडवायला हात पुढे केला नाही. तो दारात उभा राहिला, बोटं मोज्यात आक्रसून.

रस्त्यावर ताजा, गुळगुळीत चिखल होता. त्यात तिच्याआधी कुणीतरी गेलं होतं. हे एवढाले, होडीसारखे ठसे, मधोमध, फताक फताक, लांब टांगा टाकत. डॉर्कस त्यांच्या बाजूने चालली. मिस विंच तिला पोस्टापाशी येऊन मिळाली, आणि चर्चच्या कोपऱ्यावर दोन बायका उभ्या होत्या, ठसे बघत. त्याही मागून निघाल्या. ठसे मतदानाच्या जागेच्या पायऱ्या चढून आत गेले होते. बाहेर आलेले कुणी पाहिले नाहीत.

आत नाव पुकारायचा मान क्रंपचा होता. "डॉर्कस पेल हॅस्केट," तो म्हणाला, आणि ती "हजर" म्हणाली, जरी तिथे ते म्हणायची काही गरज नव्हती.

घरी परतली तेव्हा बूट ओट्यावर होते. ओले, चिखलाने भरलेले, टाच टाचेला लावून ठेवलेले. लेम्युएल त्यांच्याशेजारी बसला होता. आत कोंबलेलं वर्तमानपत्र त्याने काढून गुडघ्यावर पसरलं होतं आणि वरची तारीख तो बोटाने पुन्हा पुन्हा पुसत होता. एप्रिल १८८७. कागद काल छापल्यासारखा पांढरा होता.

"थर्झा," तो म्हणाला. मग पुन्हा, "थर्झा गॅनेट." आणि त्याच्या तोंडातून हुंदका आला तो एखाद्या जनावरासारखा.

डॉर्कसने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी तो छिन्नी घेऊन दफनभूमीत गेला. दगडावरची कोरी जागा भरली. विलोची फांदी थोडी खरवडावी लागली, पण थर्झाचं पूर्ण नाव बसलं. खाली आता दुसऱ्या कुणासाठी जागा राहिली नाही.

आणि त्याच्या पुढच्या सकाळी तो सवयीप्रमाणे जिन्याच्या पायथ्याशी उभा राहिला. "मिसेस हॅस्केट, कॉफी!"

कोठारातून काही उत्तर आलं नाही. वरूनही नाही. आत्या शालीत होती. त्याने कठडा धरला, सोडला, पुन्हा धरला.

"डॉर्कस?" तो म्हणाला.

ती वर पलंगावर बसली होती, मांडीवर उशीचा अभ्रा, सुईत लाल दोरा. तिला पहिल्याच हाकेला ऐकू आलं होतं. तिने टाका पुरा केला, दोरा दातांनी तोडला, आणि त्याला दुसऱ्यांदा हाक मारू दिली.